वाड्यावरची शाळा टिकवताना: कामाच्या नोंदी, सप्टेंबर ते जून

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावरची सरकारी प्राथमिक शाळा. माध्यम मराठी, वर्ग पहिली ते चौथी, शिक्षिका एक, पट ९. शेजारची सरकारी शाळा ओहोळापलीकडे. बालरथ (सरकारी योजनेतली शाळेची बस) येतो तो अनुदानित शाळेचा, तीही दूरची. शाळेचे आणि गावाचे नाव मुद्दाम दिलेले नाही. दुसऱ्या वाड्यावर हेच काम करणाऱ्यांना पद्धत उपयोगी पडावी म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत.

१४ सप्टेंबर

'विलीनीकरण', म्हणजे कमी पटाची शाळा बंद करून मुले दुसऱ्या शाळेत घालणे, हा शब्द कुठल्याही कागदावर येण्याआधी कामाला लागायचे ठरले. कागद आल्यावर हातात महिना-दीड महिनाही राहत नाही.

पहिली तारीख ३० सप्टेंबर. यू-डायस प्लसवर (शाळांची माहिती भरायचे सरकारी पोर्टल) शाळेची माहिती याच तारखेची धरतात. वर्षभर पंधरा मुले शिकली आणि त्या दिवशी नऊच नोंदलेली असली, तर सरकारदरबारी शाळा नऊ मुलांची. शाळेचा यू-डायस क्रमांक अकरा आकडी असतो: राज्याचे दोन (गोव्याचे ३०), जिल्ह्याचे दोन, तालुक्याचे दोन, गावाचे तीन, शाळेचे दोन. प्रत्येक पत्रावर, प्रत्येक अर्जावर तो लिहायचा. एकाच नावाच्या दोन वाड्यांच्या शाळांचे कागद एकमेकींच्या फायलीत जातात, आणि मग 'आपला अर्ज मिळाला नाही' हे उत्तर खरेही असते.

२१ सप्टेंबर

चार वह्या शेजारी ठेवून पट ताडून पाहिला: जनरल रजिस्टर (प्रवेशाची कायम नोंदवही), हजेरीपट, मध्यान्ह आहाराची नोंद आणि पोर्टलवरची यादी. चारही ठिकाणी ९ यायला हवेत. पोर्टलवर ८ निघाले. दुसरीतल्या एका मुलीचे आधारवरचे आडनाव आणि जन्मदाखल्यावरचे आडनाव जुळत नव्हते, म्हणून तिची नोंद अर्धवट राहिली होती. नऊच्या पटात एक मूल म्हणजे अकरा टक्के.

आधार नाही किंवा त्यात चूक आहे म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सहा ते चौदा वयाच्या मुलांबाबत हे स्पष्ट केले आहे. पण न्यायालय काय म्हणते आणि संगणकाचा पडदा काय स्वीकारतो यात फरक पडतो, म्हणून दुरुस्ती लगेच करून घेतली.

खोटे नाव घालू नये, एकही नाही. ही सूचना सभेत कुणीतरी करतेच. तपासणीत एक बनावट नाव सापडले की खरी नऊही संशयास्पद ठरतात आणि शिक्षिकेवर चौकशी लागते.

आजपासून 'बंद दिवसांची वही' सुरू केली. शिक्षिका प्रशिक्षणाला, बैठकीला किंवा मतदारयादीच्या कामाला गेल्यामुळे वर्ग भरला नाही, असा प्रत्येक दिवस कारणासह लिहायचा. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे. कलम २७ नुसार शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामे सोडून इतर बिगरशैक्षणिक कामे देता येत नाहीत. मतदारयादीची कामेही सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले. एकशिक्षकी शाळेत शिक्षिका बाहेर म्हणजे शाळा बंद. मग पालक म्हणतात, 'तिथे शिकवतच नाहीत', आणि पुढच्या वर्षी मूल बालरथात बसते. पट उतरण्याचे हे एक कारण कुठल्याही सरकारी तक्त्यात सापडत नाही.

५ ऑक्टोबर

घरोघर मुलांची नोंद. दोन-दोन जणांच्या तीन जोड्या, ६४ घरे, दोन सकाळी.

तक्त्याचे रकाने: घर क्रमांक, मुलाचे नाव, जन्मतारीख (दाखला पाहून की तोंडी, हे वेगळे लिहायचे), आता कुठे जाते, कशाने जाते, महिन्याचा खर्च, घरातले मोठे भावंड कुठे शिकते. शेवटी एक मोकळा रकाना: इथे का नाही घातले. हा रकाना पालकांच्याच शब्दांत भरायचा. 'सुविधा नाही' असे आपल्या भाषेत लिहिले की नंतर काहीच उलगडत नाही. 'शौचालयाचे दार मोडले आहे' असे लिहिले तर काम करता येते.

पंचायतीतल्या जन्मनोंदीवरून यादी काढायची चूक करू नये. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद जिथे जन्म होतो तिथे होते. वाड्यावरची बहुतेक बाळे बांबोळी, म्हापसा किंवा वाळपईच्या इस्पितळात जन्मतात, म्हणून पंचायतीच्या वहीत ती नसतात. पंचायतीची वही पाहिली तर वाड्यावर लहान मुले नाहीतच असे वाटते, आणि 'पुढे पट वाढण्याची शक्यता नाही' या शेऱ्याला तीच वही पुरावा म्हणून जोडली जाऊ शकते. अंगणवाडी सेविकेची सर्वेक्षण वही आणि आरोग्य केंद्राची लसीकरणाची नोंद या दोन खऱ्या. त्या आपल्या यादीशी ताडून पाहाव्यात, पण प्रती काढून फिरवू नयेत. मुलांची नावे आहेत त्यात.

काजूच्या बागायतीत आणि बांधकामावर राहणारी बाहेरची कुटुंबे बहुतेक सर्वेक्षणांत सुटतात. तिथे संध्याकाळी जावे लागते, सकाळी कुणी नसते. ही मुलेही वाड्याचीच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ नुसार वयाचा दाखला नाही म्हणून, आणि कलम १५ नुसार प्रवेशाची मुदत संपली म्हणून त्यांना परत पाठवता येत नाही.

१२ ऑक्टोबर

गोळाबेरीज. सहा ते दहा वयाची मुले २३. इथे ९, अनुदानित इंग्रजी शाळेत १२, कुठेच नाहीत २. तीन ते सहा वयाची १७.

म्हणजे मुले आहेत. 'वाड्यावर मुलेच नाहीत' हे वाक्य यापुढे कुणी बोलले की हा कागद पुढे करायचा.

मोकळ्या रकान्यात सर्वांत जास्त वेळा आलेले उत्तर 'गाडी दारात येते', त्याखालोखाल 'केजीपासून तिथेच आहे'. इंग्रजीचा नंबर तिसरा. सभांमध्ये मात्र सगळा वाद इंग्रजीवरच होतो.

गोव्यात शाळांचे खाजगीकरण विक्रीचा करार करून होत नाही. अनुदानित शाळेत पगार सरकार देते, कारभार संस्था पाहते. बालरथ अनुदानित संस्थांना मिळाले. सरकारी प्राथमिक शाळा पहिलीपासून सुरू होते आणि संस्था तिसऱ्या वर्षापासून मूल घेते. तीन वर्षे मूल त्या गाडीतून, त्या गणवेशात गेले की पहिलीला ते परत येईल ही अपेक्षाच चुकीची. मग सरकारी पट उतरतो, उतरलेल्या पटाला कारण मानून शाळा मिटते, आणि उरलेली मुलेही त्याच गाडीत जातात. सरकारी पैसा दोन्हीकडे खर्च होतोच. तेव्हा पटाचा आकडा हा तीन वर्षांपूर्वीच्या निर्णयाचा असतो, हे प्रत्येक अर्जात पहिल्या परिच्छेदात लिहायचे.

२६ ऑक्टोबर

अंतर मोजले. याच्यावर पूर्ण दिवस घालवला आणि तो सार्थकी लागला.

शिक्षण हक्क कायद्याखालच्या केंद्राच्या २०१० च्या नियमांत, नियम ६ मध्ये, पहिली ते पाचवीसाठी शाळा चालत जाण्याच्या १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत, असे आहे. डोंगराळ भाग, पुराचा किंवा दरड कोसळण्याचा धोका, रस्ता नसणे, अशा ठिकाणी ही मर्यादा आणखी कमी करायची तरतूदही त्यातच आहे. राज्याच्या नियमांची प्रत वेगळी जवळ ठेवावी, कारण पत्रव्यवहारात कार्यालय तीच विचारते.

कार्यालयातला आकडा बहुधा नकाशावर पट्टी ठेवून काढलेला असतो. इथे तो ९०० मीटर. मुले पट्टीवरून चालत नाहीत.

मोजण्याची साधी रीत: सायकलचे चाक. टायरला रंगीत चिंधी बांधायची. सपाट जागी दहा फेरे ढकलून टेपने मोजायचे आणि दहाने भागायचे. २६ इंची चाकाचा फेरा साधारण २ मीटर ७ सेंटिमीटर येतो. हवा कमी असली तर कमी येतो, म्हणून निघण्याआधी हवा भरून मोजायचे आणि परतल्यावर पुन्हा पडताळायचे. सायकलवर बसायचे नाही, हाताने ढकलायची. एकाने फेरे मोजायचे, दुसऱ्याने दर शंभराला कागदावर रेघ मारायची.

पायवाटेने: ७७३ फेरे, म्हणजे १,६०० मीटर. वाटेत साकव (ओहोळावरचा छोटा पूल). पावसाळ्यात साकवावरून पाणी गेले की उरतो डांबरी रस्ता: १,३०४ फेरे, सुमारे २,७०० मीटर. दोन्ही मोजण्या शाळेच्या दारापासून नव्हे, सर्वांत लांबच्या मुलाच्या घराच्या पायरीपासून करायच्या. विलीनीकरणाच्या कागदात 'शाळा ते शाळा' अंतर असते. मूल मात्र घरापासून शाळेपर्यंत चालते.

मोबाईलवरही मार्ग नोंदवला, पण पोफळींच्या आणि फणसाच्या दाट सावलीत जागा भरकटते. तोच रस्ता त्यावर ६० मीटर जास्त दिसला. दोन्ही आकडे द्यायचे आणि फरकाचे कारणही लिहायचे. आपणच फरक सांगितला की समोरच्याला तो शोधून काढता येत नाही.

पहिलीतल्या मुलाला दप्तरासह, आईबरोबर पायवाटेने चालायला ३४ मिनिटे लागली. रस्ता ओलांडायच्या जागा दोन. एका ठिकाणी वळणामुळे येणारी गाडी दिसत नाही. फोटो काढले ते तारीख-वेळेसह. साकवाचे फोटो मात्र जुलैतलेच हवेत. ऑक्टोबरातला साकव पाहून कुणालाही भीती वाटत नाही. पुढच्या पावसाळ्याच्या कामांत लिहून ठेवले.

९ नोव्हेंबर

माहिती अधिकाराचा अर्ज शिक्षण संचालनालय, पर्वरी येथे दिला. शुल्क १० रुपये. उत्तराला ३० दिवस. न मिळाल्यास ३० दिवसांत पहिले अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोग.

'आमची शाळा का बंद करणार?' असा प्रश्न विचारू नये. कायदा अस्तित्वात असलेला कागद देतो, खुलासा देत नाही. अर्जात मागितले ते असे:

या शाळेबाबत गेल्या तीन वर्षांत झालेल्या सर्व टिप्पण्यांच्या व पत्रांच्या प्रती. विलीनीकरणासाठी शाळा निवडण्याचे निकष असलेले परिपत्रक. या शाळेपासून जवळच्या शाळेचे अंतर कसे मोजले, त्याचा अहवाल. मंजूर शिक्षकपदे, भरलेली पदे, रिक्त झाल्याची तारीख. भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या गेल्या तीन वर्षांतील भेटींचे शेरे. इमारतीच्या तपासणीचा अहवाल.

प्रत्येक मुद्दा वेगळ्या क्रमांकाने लिहावा, म्हणजे एका मुद्द्याला नकार दिला तरी बाकीचे अडकत नाहीत. शेवटी 'ही माहिती आपल्याकडे नसल्यास कलम ६(३) प्रमाणे संबंधित कार्यालयाकडे पाच दिवसांत पाठवावी' हे वाक्य घालावे. ते नसले तर पर्वरी सांगते तालुक्याला विचारा, तालुका सांगतो पर्वरीला. फाईल प्रत्यक्ष पाहण्याचीही मागणी करावी. प्रतींत न आलेली टिप्पणी फाईल चाळताना दिसते.

२३ नोव्हेंबर

शाळा व्यवस्थापन समिती तपासली. कागदावर होती. सभा नोंदवहीत शेवटची सही गेल्या वर्षाची.

शिक्षण हक्क कायद्याचे कलम २१: तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. बारा जणांची केली: नऊ पालक, एक पंच, शिक्षिका आणि गावातले एक निवृत्त शिक्षक. स्त्रिया सात. अध्यक्ष पालकांमधूनच. सभा दर महिन्याला आणि इतिवृत्त बाहेर लावायचे.

पालक-शिक्षक संघ आणि ही समिती वेगळ्या. संघाचा ठराव पाठवला तर त्याला कायद्याचा आधार नाही. समितीच्या ठरावाला आहे.

७ डिसेंबर

कलम २२ चा शाळा विकास आराखडा. या कामातला हा सर्वांत दुर्लक्षित कागद, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी तो तयार हवा, म्हणजे ३१ डिसेंबर. तीन वर्षांचा, त्यात तीन वार्षिक भाग. प्रत्येक वर्षाचा इयत्तावार अपेक्षित पट, हवे असलेले शिक्षक, बांधकाम व साहित्य, खर्च.

अपेक्षित पट अंदाजाने लिहायचा नाही. १२ ऑक्टोबरच्या तक्त्यातली तीन ते सहा वयाची १७ मुले वर्षवार मांडली. त्यांतली सगळी येतील असे न धरता ज्यांच्या पालकांनी सही दिली तेवढीच धरली. पुढच्या वर्षी पहिलीला पाच.

शिक्षकांबाबत कायद्याची अनुसूची स्पष्ट आहे: पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. नऊ मुले असली तरी दोन. तेव्हा 'एकशिक्षकी शाळा असल्याने गुणवत्ता नाही, म्हणून विलीनीकरण' या युक्तिवादात दुसरे पद न भरणारा आणि दोष दाखवणारा एकच आहे. आराखड्यात हे एका ओळीत लिहिले, विशेषणे न लावता.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० समोर ठेवले जाते, म्हणून त्यातला परिच्छेद वाचून ठेवावा. २०१६-१७ च्या आकड्यांनुसार देशातल्या सुमारे २८ टक्के सरकारी प्राथमिक शाळांत तीसपेक्षा कमी मुले आणि १,०८,०१७ शाळा एकशिक्षकी, असे त्यात म्हटले आहे. त्यावर 'शाळा संकुल' हा उपाय सुचवला आहे. त्यात शाळा आपापल्या जागी राहून शिक्षक, प्रयोगशाळा, ग्रंथालय वाटून घेऊ शकतात. म्हणून आराखड्यात मागणी घातली: संकुलातून संगीत, क्रीडा व कला शिक्षक आठवड्यातून एक दिवस इथे यावेत. मुलांना हलवण्यापेक्षा एक शिक्षक हलवणे स्वस्त.

१८ डिसेंबर

आराखडा तालुका कार्यालयात दिला. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. तिन्ही घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

४ जानेवारी

जमिनीचे कागद. फॉर्म १ व १४ चा उतारा (गोव्यातला जमीन-नोंदीचा कागद) ऑनलाईन मिळतो. सर्व्हे क्रमांक आणि पोटविभाग माहीत हवा. 'कब्जेदार' रकान्यात कोण आहे ते पाहायचे. गोव्यात वाड्यावरच्या शाळा सरकारी जागेत, कोमुनिदादच्या (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था) जागेत, देवस्थानच्या जागेत, भाड्याच्या घरात, अशा सगळ्या प्रकारे आहेत. १९६३ नंतर, भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात, गावोगाव झपाट्याने प्राथमिक शाळा निघाल्या तेव्हा अनेक ठिकाणी लोकांनी तोंडी शब्दावर जागा दिल्या. शाळा चालू आहे तोवर कुणी विचारत नाही. कुलूप लागले की वारस येतात, किंवा इमारत एखाद्या संस्थेला 'वापरासाठी' दिली जाते.

इथल्या उताऱ्यावर सरकारचे नाव आहे. पण दानपत्र सापडले नाही. 'शाळेसाठीच' अशी अट असलेले दानपत्र असेल तर ते उपनिबंधक कार्यालयातून प्रत काढून ठेवण्याजोगे. शोध चालू.

जनरल रजिस्टरचाही प्रश्न इथेच येतो. जुन्या नोंदीतली जन्मतारीख, जात, वडिलांचे गाव हे दाखले काढताना लागते. गावडा, कुणबी, वेळीप या समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींत घेतल्यानंतर जुन्या शाळेच्या नोंदीला जास्तच मोल आले. शाळा मिटली की ही वही कुठल्या कपाटात जाते हे पुढच्या पिढीला शोधावे लागते. सत्तर-ऐंशी वर्षांच्या आज्यांनीही या मुद्द्यावर सही केली. मुलांच्या शिक्षणावर न जमलेली एकजूट इथे जमली, हे नोंदवून ठेवतो.

१८ जानेवारी

ग्रामसभा. विषय सचिवांकडे आधीच लेखी दिला होता, म्हणून विषयपत्रिकेवर आला. आयत्या वेळचा विषय म्हणून आणलेला ठराव इतिवृत्तात एका ओळीत गुंडाळला जातो. सभेत ठराव वाचून दाखवला, आणि इतिवृत्तात शब्दशः घ्यावा अशी विनंतीही ठरावातच लिहिली:

'ही ग्रामसभा ठरवते की, … वाड्यावरील सरकारी प्राथमिक शाळा (यू-डायस क्रमांक …) बंद करण्यास, अन्य शाळेत विलीन करण्यास, अथवा तिची इमारत कोणत्याही खाजगी संस्थेस हस्तांतरित करण्यास या ग्रामसभेची संमती नाही. वाड्यावर तीन ते दहा वयाची ४० मुले असून जवळची सरकारी शाळा चालत १,६०० मीटर व पावसाळ्यात २,७०० मीटर अंतरावर आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार दुसऱ्या शिक्षकाची नेमणूक तातडीने करावी. हा ठराव शब्दशः इतिवृत्तात घेऊन शिक्षण संचालक, गटविकास अधिकारी व बालहक्क संरक्षण आयोग यांस सात दिवसांत पाठवावा.'

ग्रामसभेचा ठराव शिक्षण खात्यावर बंधनकारक नाही, हे सभेतच सांगितले. उपयोग एवढाच की 'ग्रामस्थांचा विरोध नाही' हे वाक्य फाईलवर लिहिता येत नाही. 'निषेध', 'धिक्कार' हे शब्द मसुद्यातून काढले. तरुणांना ते आवडले नाही.

८ फेब्रुवारी

प्रवेशाची मोहीम. संस्थांचे प्रवेश याच दिवसांत ठरतात. मे महिन्यात घरोघर फिरणे म्हणजे गाडी सुटल्यावर स्टँडवर जाणे.

'गाडी दारात येते' याला उत्तर: चालती रांग. दोन ठिकाणांहून सकाळी सव्वासातला निघायचे, सहा-सात मुलांमागे एक मोठे माणूस, आठवड्याची पाळी लिहून लावलेली. पाळीत तीन माणसे जास्तीची हवीत, नाहीतर काजूच्या हंगामात रांग मोडते.

केजीला उत्तर: अंगणवाडीची मुले महिन्यातून दोन शनिवारी शाळेत आणायची, शिक्षिका आणि सेविका दोघींनी मिळून तासभर. त्यासाठी दोन्ही खात्यांचे पत्र लागते. एकाचे आले. दुसऱ्याचे अजून नाही, तोवर सेविका बाहेर ओसरीत बसवते.

आईबाप दोघेही कामाला, मुलाला दुपारी कुठे ठेवायचे, हे उत्तर पाच घरांत मिळाले. देवळाच्या सभामंडपात तीन ते पाच अभ्यास. शाळेची इमारत वेळेनंतर वापरायला परवानगी लागते, सभामंडपाला समितीचा होकार पुरतो.

१ मार्च

भाषेबद्दल. गोव्यात हा विषय आला की जुने सगळे उकरले जाते: १९९० चे फक्त मराठी-कोकणी प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचे धोरण, २०११ मध्ये इंग्रजी शाळांना अनुदान लागू करणे, त्याविरुद्धचे भारतीय भाषा सुरक्षा मंचाचे आंदोलन. तो लढा आपल्या जागी. पण इंग्रजीत घालणाऱ्या पालकाला दोषी ठरवून त्याचे मूल परत येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये कर्नाटकाच्या प्रकरणात राज्य मातृभाषा माध्यमाची सक्ती करू शकत नाही असे म्हटले आहे. त्यामुळे 'इंग्रजी बंद करा' ही मागणी अर्जात कुठेही नाही. आहे ते शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९(२)(च): शक्य तेथवर माध्यम मुलाची मातृभाषा. म्हणजे हे माध्यम ज्यांना हवे त्यांच्यासाठी ते चालू ठेवणे.

कोकणी माध्यमाच्या शेजारच्या वाड्याला बरोबर घेतले. दोन्ही शाळा एकाच यादीत जातात, हे दोघांना कळायला एक सभा लागली.

२२ मार्च

पालकांना फोन यायला लागले: 'शाळा बहुतेक बंद होणार, दाखला काढून घ्या.' कागद नाही.

शाळा मिटण्याची नेहमीची रीत आदेशाची नाही. शिक्षिकेची दुसरीकडे तात्पुरती व्यवस्था होते, मग पालक एकेक करून दाखला मागतात, आणि फाईलवर पट शून्य दिसतो. 'पालकांनी स्वेच्छेने मुले काढली.' शून्य पटाच्या शाळेसाठी न्यायालयातही काही मागता येत नाही.

म्हणून घरोघर एकच पान वाटले. दाखल्याचा अर्ज लिहू नका. 'ना हरकत' लिहिलेल्या कागदावर सही नको. हजेरीच्या म्हणून दिलेल्या कोऱ्या कागदावरही नको. कुणी तोंडी सांगितले तर नाव, हुद्दा, तारीख, वेळ वहीत लिहा आणि समिती त्याच दिवशी पत्र देईल: 'आपण आज तोंडी कळवलेली सूचना लेखी द्यावी.' असे पत्र दोनदा दिले. लेखी उत्तर आले नाही, फोनही थांबले.

१२ एप्रिल

न्यायालयात जायची वेळ आलीच तर फाईल तयार हवी. पणजीच्या किंवा म्हापशाच्या वकिलाला पहिल्या भेटीत द्यायचा संच: मुलांची यादी (नावांऐवजी क्रमांक), दोन्ही अंतरांची मोजणी व फोटो, आराखड्याची शिक्का मारलेली प्रत, समितीचा व ग्रामसभेचा ठराव, माहिती अधिकाराची उत्तरे, बंद दिवसांची वही. अर्जदार पालकच हवेत. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींना १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नुसार उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. उन्हाळी सुट्टीत न्यायालयाचे काम मर्यादित, म्हणून मे उजाडायची वाट पाहू नये.

बाहेरची दोन प्रकरणे वाचली. उत्तर प्रदेशात जून २०२५ मध्ये कमी पटाच्या शाळा 'जोडण्याचा' आदेश निघाला. पालकांच्या याचिका एकल पीठाने जुलैत फेटाळल्या, पण त्याच महिन्यात खंडपीठाने सीतापूर जिल्ह्यापुरती जैसे थे स्थिती ठेवायला सांगितली. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२३ मध्ये पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणे देऊन समूह शाळांचे (लहान शाळा एकत्र करून एक मोठी) प्रस्ताव मागवले गेले. दोन्हीकडे अखेर बोलणे अंतरावर येते. म्हणून सायकलचे चाक.

१० मे

छप्पर. 'इमारत धोकादायक' हा शाळा हलवण्याचा आणखी एक दरवाजा. मंगळुरी कौलांचे छप्पर पाहिले: ४० कौले फुटकी, दोन वासे वाळवीने पोकळ, पागोळीची पन्हळ तुटलेली. पोकळ वासा टोच्याने टोचून कळतो, नुसते पाहून नाही. साधारण चौरस मीटरला पंधरा कौले बसतात; जुन्या साच्याची नव्याशी जुळत नाहीत, म्हणून मोडलेल्या घरांची जुनी साठ जमवली.

फुटकी कौले बदलणे शिक्षिकेच्या लेखी परवानगीने. वाशांना हात लावला नाही. ते काम सरकारी अभियंत्याचे. गावाने केले आणि उद्या काही पडले तर जबाबदारी गावावर. दुरुस्तीच्या मागणीबरोबर एक वाक्य न चुकता घालायचे: 'दुरुस्तीच्या काळात वर्ग याच वाड्यावर पर्यायी जागेत भरवावेत.' ते नसेल तर दुरुस्तीसाठी हललेली शाळा परत येत नाही.

४ जून

शाळा सुरू. चौथीची तीन मुले पुढे गेली, सहा उरली. पहिलीला पाच नवी. अनुदानित शाळेतून परतलेली दोन. बागायतीवरची दोन. एकूण १५.

दुसरे पद अजून रिक्तच. बंदचा आदेश नाही.

१४ जून

परतलेल्या दोघांचे कायम शिक्षण क्रमांक (पोर्टलवर प्रत्येक मुलाला मिळतो तो) आधीच्या शाळेच्या यादीतच अडकलेत. ती शाळा त्यांना आपल्या यादीतून सोडत नाही तोवर इथे जोडता येत नाहीत, आणि पोर्टलवर पट १३ दिसतो. बागायतीवरच्या एकाचे आधार नाही. त्याची नोंद त्याशिवाय करायला सांगितली, झाली. आधीच्या शाळेला पत्र, प्रत भागशिक्षणाधिकाऱ्यांना, आवक क्रमांक घेतला.

साकवावर काल सकाळी घोट्याएवढे पाणी. फोटो काढले, काठी उभी करून, काठीवर सेंटिमीटरच्या खुणा करून. पुढची तपासणी २८ जून, पोर्टल आणि साकव दोन्ही.